शेवटच्या रांगेतला मोबाईल

रेंजबाई घरात शिरल्या की त्यांना लगेच खुर्ची पुढे करायची नाही, हे आसपासच्या गल्ल्यांमध्ये आता सगळ्यांना माहीत झालं होतं. बसायच्याच नाहीत. हातातला मोबाईल काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा आडवा धरून त्या आधी सगळं घर फिरायच्या. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दारामागचा कोपरा, वेळ पडली तर न्हाणीघराचा उंबरासुद्धा. मग विचारायच्या, "डबा कुठंय?" डबा म्हणजे इंटरनेटचा, दोन शिंगांचा. तो कोणी कपाटात कपड्यांच्या घड्यांमागे ठेवलेला असायचा, कोणी माशांच्या काचपेटीच्या आड, तर कोणी त्याच्यावर विणलेला रुमाल घालून वर फुलदाणी. "अहो, हा काय दागिना आहे, लपवून ठेवायला?" असं म्हणत रेंजबाई तो बाहेर काढायच्या, उंच मोकळ्या जागी टांगायच्या, आणि त्या घरातला अडखळणारा सिनेमा सरळ चालायला लागायचा. मग घरातली माणसं सिनेमा बघत बसायची. रेंजबाई पिशवी उचलून केव्हा गेल्या, ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

एका लहानशा इंटरनेट कंपनीत त्या नोकरीला लागल्या त्या तक्रारींचे फोन घ्यायला. "चित्र नुसतं गोल गोल फिरतंय." "तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो." "आमच्या जावयाचा चेहरा चौकोनी झालाय हो!" दिवसभर माफी मागायची, एवढंच काम. माफी मागून मागून जीभ झिजली तेव्हा एक दिवस त्या साहेबांना म्हणाल्या, "मला एकदा त्या घरी जाऊन बघू द्या. मी माफी कशाची मागते ते तरी कळू दे." गेल्या, आणि परत फोनवर बसल्याच नाहीत.

हवेतून चित्र नेण्याचं काम त्यांना मनापासून आवडलं. लोकांना वाटतं वेग हवा. रेंजबाई म्हणायच्या, "वेगाचं सोडा, धार अखंड हवी. चित्र थोडं पुसट झालं तर माणूस चालवून घेतो. थांबलं की रिमोट आपटतो. आणि आवाज तुटला की कंपनीचा उद्धार करतो." म्हणून गर्दीच्या वेळी कोणाचं चित्र पुढे सोडायचं आणि कोणाचं मागे ठेवायचं, हे त्या डब्याला शिकवून यायच्या. याला त्या रांग लावणं म्हणत. "घरात नळ एक आणि बादल्या दहा. ज्याला तहान आधी, त्याची बादली आधी." समजावण्याची त्यांची हातोटी चांगली होती, पण समजून घ्यायला थांबतो कोण?

बाहेर त्या रेंजबाई. घरात मात्र ती नुसती थोरली.

घर एकत्र होतं. दोघे भाऊ दिवसभर आपापल्या कामावर. आतल्या खोलीत सासरे. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता नजर अधू झाली होती. थोरलीला एक मुलगी, शाळा संपवून पुढच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर. आणि धाकटी जाऊ.

आता या धाकटीविषयी काय सांगावं? वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग करता येतो, चारचौघांत बोलून दाखवता येतो. ही मेली गोड होती. उसवलेले, फाटलेले कपडे दुरुस्त करायची, आणि दुरुस्त करता करता बोलायची. एकदा कोणीतरी सुचवलं म्हणून मोबाईल समोर लावून बोलली आणि बघता बघता दुपारी चहाच्या वेळी तिला बघायला हजारो माणसं जमायला लागली. कोपरावर फाटलेल्या कोटावर ती रफू घालायची, मध्येच मान तिरकी करून हसायची, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका तिला लाल बदाम पाठवायच्या. बैठकीच्या खोलीत तिचा गोल दिवा उभा राहिला, मोबाईलचं स्टँड उभं राहिलं. दुपारी त्या खोलीतून कोणी जायचं झालं तर चोरपावलांनी जायचं, असा घरात नियमच झाला. थोरलीसुद्धा स्वतःच्या घरात पिशवी छातीशी धरून भिंतीकडेने सरकायची.

हजारो माणसांना ते रफूचे टाके एकेक करून मोजता येण्याइतके स्वच्छ का दिसत होते? थोरलीमुळे. डबा तिने टांगलेला. धाकटीचा मोबाईल रांगेत पुढे तिने लावलेला. शेजाऱ्यांच्या डब्यांच्या लहरी एकमेकांत घुसतात म्हणून मोकळा मार्ग तिने शोधलेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण कौतुक कोणाचं? रफूचं. सासरे आतल्या खोलीत टॅबलेट नाकाला लावून बसायचे. लाइव्ह म्हटलं तरी ते काही क्षण उशिरानेच पोचतं. त्यामुळे बाहेर धाकटीने विनोद केला की आत सासरे जरा वेळाने हसायचे. आधी शांतता आणि मग भिंतीपलीकडून ते खोकल्यासारखं हसू. थोरलीला त्या हसण्याची चीड यायची. तिच्या एवढ्या वर्षांच्या कामावर सासरे कधी हसले नव्हते की रडले नव्हते.

एकदा तिने बोलून दाखवलं. जेवताना म्हणाली, "बाबा, चित्र आता अजिबात अडकत नाही ना?"

"अडकत नाही म्हणजे?" सासरे म्हणाले. "अडकायचं कशाला? चालणाऱ्या घड्याळाकडे कोणी बघतं का, सूनबाई? बंद पडलं की बघतात." आणि लगेच धाकटीकडे वळून, "तो निळा कोट काय सुंदर झाला गं!"

सासरे बोलले ते स्वतःच्या जन्मभराच्या धंद्याबद्दल, हे थोरलीला कळलं. तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

एवढ्यावरही भागलं असतं. लोकांनी कौतुक करो न करो, आपली लेक तरी आपली आहे, असं थोरली मनाशी म्हणायची. पण लेकीने ठरवलं की कापडाची रचना शिकायची, विणकाम, छपाई, सगळं. संस्था दुसऱ्या शहरात, जागा मोजक्या, आणि निवड ऑनलाइन मुलाखतीवर. मुलाखतीची तयारी करायला पोरगी गेली कोणाकडे? काकूकडे.

थोरली संध्याकाळी कामावरून आली तर बैठकीच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज. ती दाराशी थांबली. खोटं कशाला बोला, कान लावूनच थांबली.

"काकू, अडखळले की काय करायचं?"

"अडखळलीस की हसायचं. मी नाही का हसत? सुई बोटात जाते तेव्हासुद्धा हसते."

"तू किती छान बोलतेस गं. आई बोलायला लागली की वाटतं तक्रार नोंदवून घेतेय."

आणि पुन्हा हसू. पोरीने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण थोरलीच्या काळजात ते वाक्य रुतलं ते रुतलंच. हजारो परक्या बायका नेल्यास, सासरा नेलास, वर माझी पोटची पोरसुद्धा? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती स्वयंपाकघरात गेली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत तशीच उभी राहिली. मग खिशातून मोबाईल काढला. घरचा डबा तिला तिथूनच उघडता येत होता. यादीत धाकटीचा मोबाईल सगळ्यात वर होता. तिने तो उचलून शेवटच्या रांगेत टाकला.

बंद केला नाही हं. बंद करणं अडाण्याचं काम. थोरलीने त्याला एवढीच बारीक धार ठेवली की आवाज जाईल, चित्र जाईल, पण चित्रात जीव राहणार नाही. वाईट कामसुद्धा तिने नीटनेटकं केलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या हातातली सुई दिसेनाशी झाली. कोट म्हणजे एक निळा डाग आणि बोटं म्हणजे नुसते गुलाबी चौकोन. लोक लिहायला लागले, काही दिसत नाही. आठवड्याभरात बघणारी माणसं निम्म्यावर आली. आतल्या खोलीत सासरे टॅबलेट पुसून पुसून दमले. त्यांना वाटलं आपली नजरच आणखी गेली.

"वहिनी, बघा ना जरा," धाकटी काकुळतीने म्हणाली. "माझंच असं का होतंय?"

थोरलीने पिशवी उघडली, मोबाईल आडवा धरून खोलीभर फिरली, भिंतीला कान लावल्यासारखं केलं. "शेजारी नवा डबा आलाय. हवेत गर्दी झालीये," ती म्हणाली. "तू असं कर, मागच्या खोलीत बसत जा. तिथं जरा बरं येईल."

मागची खोली म्हणजे अडगळीची. धाकटीने मुकाट्याने दिवा उचलला, स्टँड उचललं आणि जुन्या गाद्यांच्या शेजारी जाऊन बसली. वर म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो, वहिनी." थोरलीने त्या दुपारी बैठकीच्या खोलीतून चपला वाजवत तीनतीनदा ये-जा केली. काही काम नव्हतं. नुसती केली.

मग मुलाखतीचा दिवस आला. त्या दिवसाची तयारी थोरलीने कोणाला करू दिली नाही. बोलायला शिकवा तुम्ही खुशाल, पण बोललेलं पोचवणार कोण? लेकीचा लॅपटॉप तिने रांगेत पहिला लावला. घरभर फिरून रेंज कुठे पूर्ण येते ते पाहिलं. ती येत होती बैठकीच्या खोलीत, खिडकीला पाठ करून बसलं की. तिथं खुर्ची मांडली. आदल्या संध्याकाळी सगळं चालवून तपासलं. आकडे एकाहून एक सुंदर होते. सकाळी तिने घराला दम दिला. "मुलाखत चालू असताना कोणी काही बघायचं नाही. बाबा, तुम्हीसुद्धा. आणि तू," ती धाकटीला म्हणाली, "आज लाइव्ह-बिइव्ह काही नको."

"वेड्या आहात का, वहिनी? पोरीच्या दिवशी मी करीन का?" धाकटी म्हणाली. "मी नुसती तिच्याजवळ कोपऱ्यात बसते. तिला धीर हवाय."

धीरसुद्धा हिनेच द्यायचा. दार लागलं. थोरली स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मोबाईलवर डब्याचे आकडे बघत बसली. कोणाकडे किती धार जातेय ते तिथे दिसत होतं. सुरुवातीला लॅपटॉप व्यवस्थित चालला. थोरलीला बरं वाटलं. पोर बोलतेय आणि तिचा शब्द न् शब्द आपण लावलेल्या वाटेने जातोय.

जरा वेळाने लॅपटॉपचा आकडा एकदम खाली आला. शून्य. आणि त्याच क्षणी यादीत अगदी तळाशी एक मोबाईल धापा टाकायला लागला. मिळेल तेवढी धार ओढत होता. धाकटीचा.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे केलंच हिने! वचन देऊन, पोरीजवळ बसून, पोरीच्या मुलाखतीच्या वेळी स्वतःचं लाइव्ह! कौतुकाशिवाय एक दिवस राहवत नाही मेलीला. लॅपटॉप शून्यावर का आला, हा प्रश्न तिला एरवी सगळ्यात आधी पडला असता. परक्याच्या घरी पडलाच असता. पण मत्सर डोळ्यांत गेला की आकडेसुद्धा आपल्याला हवं तेच बोलतात. तिने धाकटीच्या मोबाईलची धार होती नव्हती तेवढी आवळली. थेंब ठेवला, थेंब.

दार धाडकन उघडलं.

"वहिनी! वहिनी, चला लवकर, पोरीचं चित्र थिजलंय!"

"तुझ्यामुळेच थिजलं असेल," थोरली फणकारली. "लॅपटॉप…"

"लॅपटॉपवर नाहीये ती! माझ्या मोबाईलवर आहे!" धाकटीला श्वास पुरत नव्हता. "लॅपटॉपवर तोंड काळं दिसत होतं हो. मागून खिडकीचं ऊन. पलीकडचे सर म्हणाले, चेहराच दिसत नाही, दुसरीकडून जोडता का? म्हणून मी माझा मोबाईल लावला, दिव्यासकट. आता तर आवाजही तुटायला लागलाय. वहिनी, काहीतरी करा!"

आदल्या दिवशी थोरलीने सगळं तपासलं होतं, पण संध्याकाळी, ऊन नसताना. आकडे तपासले होते, वाट तपासली होती. त्या पडद्यावर आपल्या लेकीचा चेहरा कसा दिसतो, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. ते बघितलं धाकटीने. आणि आतून लेकीचा आवाज येत होता, तुकड्यातुकड्यांनी, "सर… ऐकू… येतंय का… सर?" अडखळलीस की हसायचं, हे काकूने शिकवलं होतं. पोर हसायचा प्रयत्न करत होती. ते ऐकवेना.

ती पळत पळत डब्यापाशी गेली. खरं तर जायची काही गरज नव्हती. सगळं मोबाईलवरच होतं. पण धाकटी बघत होती. गडबड ऐकून सासरे भिंत धरत दारात आले होते, तेही बघत होते. थोरलीने एक हात वर करून डब्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, मोबाईल पाठीशी धरून, धाकटीचा मोबाईल शेवटच्या रांगेतून उचलून पहिल्या रांगेत टाकला.

आतला आवाज जुळला. आधी एक शब्द, मग अख्खं वाक्य. मग पलीकडच्या कोणाचं तरी, "आता छान दिसतंय, बोला."

मुलाखत पार पडली. पोरगी बाहेर आली ती थेट आईच्या गळ्यातच पडली. "आई, तू नसतीस तर गेलंच होतं सगळं! काकू म्हणाली, तू नुसता हात ठेवलास!"

आईने तिला जवळ धरलं. या मिठीसाठी ती किती वर्षं झुरली होती, आणि मिळाली ती कधी? "अगं, मुळात दोष…" ती बोलायला लागली.

"दोष माझ्या मोबाईलचा," धाकटी मध्येच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कधीपासून कुरकुरत होता, माहीत होतं मला. तरी तोच पुढे केला. पोरीचं नुकसान झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. वहिनी, रागावू नका हो माझ्यावर."

बोलायची वेळ तीच होती. थोरलीने तोंड उघडलंसुद्धा. पण लेकीचे हात गळ्यात होते आणि सासरे दारातून तिच्याकडे बघत होते. धाकटीकडे नाही, तिच्याकडे.

"जाऊ दे," ती म्हणाली. "झालं ते झालं."

म्हणजे तिने धाकटीला माफ केलं. माणसाची हद्द कुठपर्यंत जाते बघा.

काही दिवसांनी निकाल आला. पोरीला जागा मिळाली. धाकटी तोवर पुन्हा बैठकीच्या खोलीत येऊन बसली होती. चित्र पहिल्यासारखं स्वच्छ झालं होतं आणि गेलेली माणसं परत आली होती. त्या दुपारी तिने सुई हातात घेतलीच नाही. मोबाईलसमोर बसून तिने सगळी गोष्ट रंगवून सांगितली. खिडकीचं ऊन, काळं तोंड, थिजलेलं चित्र, आणि मग "आमच्या वहिनींनी डब्यावर नुसता हात ठेवला हो! तुम्हाला इतके दिवस माझे टाके दिसतात ना, ते कोणामुळे? यांच्यामुळे. मला कधी सांगायचं सुचलंच नाही. या ना वहिनी, अशा समोर या."

थोरली भिंतीकडेने सरकत होती, पिशवी छातीशी धरून. धाकटीने तिचा हात धरून तिला दिव्याच्या उजेडात ओढलं. लाल बदाम वर चढायला लागले. किती नशीबवान मुलगी, कोणीतरी लिहिलं. अशी जाऊ सगळ्यांना मिळो, दुसऱ्या कोणी लिहिलं. थोरली हसली. तेवढं तरी करायलाच हवं होतं. मग काम आहे म्हणून हात सोडवून घेतला आणि आत निघून गेली.

आतल्या खोलीत सासरे टॅबलेट नाकाशी धरून बसले होते. त्यांच्या पडद्यावर ती अजून बाहेरच उभी होती. चित्र कुठेही अडकत नव्हतं, कपाळावरची आठीन् आठी दिसत होती. एका प्रामाणिक, कामसू बाईचा हात धाकटीच्या हातात होता आणि सगळं जग तिला शाबासकी देत होतं. इतकी वर्षं थोरली धाकटीवर जळली. पण त्या घटकेला तिला जिचा खरा हेवा वाटला ती ही दुसरी बाई होती, जिने कधी कोणाचं चित्र बिघडवलं नव्हतं.

"बघ गं, बघ," नात आली असं समजून सासरे मागे न बघताच म्हणाले, "आमची थोरली." आणि खोकल्यासारखे हसले.

थोरली त्यांच्या मागे उभी होती. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं. पडद्यावरची बाई अजून हसत होती.